पेडल मऊ लागतंय

मऊ म्हणजे नक्की किती मऊ, हे मला त्या आठवड्यात कोणी धड सांगू शकलं नाही. मी घरातली प्रत्येक वस्तू अंगठ्याने दाबून बघत होते. भांडी घासायचा स्पंज, सोफ्याची कड, पिकलेलं केळं. दर वेळी यांना विचारायचे, "असं?" हे मान हलवायचे. "छे. वेगळंच. उशीवर पाय ठेवल्यासारखं." शेवटी मी खरोखरची उशी आणून पुढ्यात ठेवली, तर म्हणाले, "आता माझी चेष्टा करू नकोस."

चेष्टा कसली डोंबलाची. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

आमचे हे म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. आता निवृत्त आहेत, पण मास्तरकी काही अंगातून जात नाही. निम्मं गाव यांचे टोमणे खाऊन गाडी शिकलं. मी तेवढी राहिले. एकदा भर चौकात यांनी मला "हा पाय आहे की मुसळ?" असं विचारलं, तेव्हा मी तिथेच गाडी बंद केली, दार उघडलं आणि चालत घरी आले. मागे गाड्यांची ही रांग लागली म्हणे. लागू दे. यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "ब्रेक डोळ्यांनी लागत नाही, तळव्याने लागतो. तळव्याला विचारा." नवशिक्यांना सुरुवातीला हे अनवाणीच बसवायचे, म्हणजे पेडल काय म्हणतंय ते पायाला नीट कळतं.

आमची मोटार आमच्या लेकीपेक्षा वयाने मोठी आहे. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, आणि चारही चाकांना जुने ड्रमचे ब्रेक. मागच्या वर्षी गल्लीत वळताना ती थांबायची तिथे थांबली नाही आणि शिंप्याच्या फाटकाला जाऊन टेकली. फाटक वाकलं, कोणाला लागलं नाही. हे म्हणाले, "ब्रेक म्हातारे झाले." लेकीने ते वाक्य पदराला गाठ मारल्यासारखं लक्षात ठेवलं.

तीच लेक आता आमच्या मागच्या गल्लीत राहायला आली होती, आणि नातीची शाळा सोमवारी सुरू व्हायची होती. यांनी केव्हाच जाहीर करून टाकलं होतं की तिला शाळेत सोडणार ते आजोबाच, आणि तेही याच गाडीतून. नात प्रश्न फार विचारते म्हणून हे तिला इन्स्पेक्टर म्हणतात. तिने मागच्या सीटवर आपली जागा ठरवूनसुद्धा ठेवली होती. पण लेक बापाची लेक. ती म्हणाली, "बाबा, या ब्रेकवर माझी मुलगी बसणार नाही. पुढच्या चाकांना डिस्क लावून घ्या. रविवारी संध्याकाळी मी येऊन स्वतः दाबून बघेन. मनासारखा लागला तर सोमवारपासून खुशाल न्या. नाहीतर ती शाळेच्या व्हॅनने जाईल, आणि या गाडीचं काय करायचं तेही एकदा ठरवून टाकू."

ठरवून टाकू म्हणजे विकून टाकू, हे न कळायला आम्ही काही दूधखुळे नाही. रात्री जेवताना भाजीत मीठ नव्हतं, तरी हे तसेच जेवले. मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस.

काम दिलं होईलरावाला. हा यांचाच जुना विद्यार्थी, आता केस पिकले, स्वतःचं गॅरेज आहे. शिकत होता तेव्हा यांनी काहीही सांगितलं की म्हणायचा, "होईल सर." गाडी मागे घे. होईल सर. चढावर थांबव. होईल सर. व्हायचं काहीच नाही, पण नाव पडलं ते पडलं. हे गाडी नजरेआड होऊ देईनात, म्हणून तो हत्यारं घेऊन आमच्याकडेच येऊ लागला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी गाडीच्या शेडमध्ये उघडते, त्यामुळे मला नको असलं तरी सगळं दिसतं आणि ऐकू येतं.

पुढच्या चाकांचे ड्रम निघाले, चकचकीत डिस्क बसल्या. त्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरणारं जे लोखंडी धूड असतं त्याला कॅलिपर म्हणतात, हे माझ्या ज्ञानात पडलेली भर. ब्रेकचं ऑइल भरलं, होईलराव हात पुसत सीटवर बसला आणि त्याने पेडल दाबलं. ते सरळ खाली जाऊन टेकलं.

"हवा राहिलीय," तो म्हणाला. "काढली की होईल. काकू, जरा बसता का इथे?"

नळीत हवा राहिली की पाय ऑइल दाबायचं सोडून हवाच दाबत बसतो. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून हवेचा स्क्रू उघडायचा आणि बंद करायचा. धरणारी मी. हे बाजूला स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. "दाब. धर. अगं, सांगितल्याशिवाय सोडायचं नाही. हां, आता सोड." आमच्या संसारात इतकी वर्षं हेच चाललंय, फक्त पेडल नव्हतं.

डब्यामागून डबा ऑइल गेलं. माझी पोटरी भरून आली. पेडल काही केल्या वर राहीना. होईलरावाने सगळे जोड तपासले, कुठे गळत नव्हतं. मग यांनीच स्टूल सोडलं, चाकाशी वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"अरे, हवा वर जमते की खाली?"

"वर, सर."

"मग हा स्क्रू खालच्या अंगाला काय करतोय?"

डावीकडचा कॅलिपर उजवीकडे बसला होता आणि उजवीकडचा डावीकडे. स्क्रू खाली, हवा वर मजेत बसलेली. आम्ही खालून ऑइल काढतोय आणि ती वरून आमची गंमत बघतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. होईलरावाचे कान लाल झाले. त्याने मुकाट्याने दोन्ही कॅलिपर अदलाबदल करून बसवले, आणि पुन्हा दाब, धर, सोड. या खेपेला नळीतून बुडबुडे निघाले ते निघतच राहिले. मग मी पेडल दाबलं तर ते थोडं जाऊन असं थांबलं की पुढे तसूभर हलेना. मला इतका आनंद झाला की मी दोघांसाठी चहा टाकला आणि यांच्या चहात साखर घालायची नाही हेसुद्धा विसरले.

हे गाडी घेऊन एक फेरी मारून आले. चेहरा उतरलेला.

"मऊ लागतंय."

होईलराव बसला, दाबलं. "सर, कडक आहे."

मी बसले, दाबलं. कडक.

हे पुन्हा बसले. डोळे मिटून दाबलं. "मऊ आहे. पायाखाली काहीतरी दबतंय. तुम्हाला दोघांनाही कळत नाहीये."

आता गाडीच्या बाबतीत यांच्यापुढे आम्ही कोण? यांच्या तळव्यावर सगळं गाव विश्वास ठेवतं. होईलरावानेही ठेवला. त्याने मागच्या चाकांचे ड्रम उघडले. आतले ब्रेकचे पट्टे ड्रमपासून लांब राहिले की पेडल जास्त जातं म्हणे. ते जवळ घेतले. हे बसले, "मऊ." मग पेडलच्या मागचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पाय जिथे ऑइल ढकलतो तो मुख्य पंप, डिस्कला छोटा पडत असेल म्हणून मोठा आणून बसवला. पुन्हा सगळी हवा काढली. माझी दुसरी पोटरीही कामाला लागली. हे बसले, "मऊ."

इथवर मी होईलरावाला दोष देत होते. मग मला माझ्याच पायाची शंका यायला लागली. मी येता-जाता शेडमध्ये जाऊन पेडल दाबून बघायचे. कधी वाटायचं कडक, कधी वाटायचं, नाही हो, यांचं बरोबर असेल, जरा गुबगुबीत आहेच. भाजी चिरायला बसले तरी उजवा पाय आपोआप फरशी दाबून बघायचा. होईलरावाचंही तेच झालं होतं. तो म्हणाला, "काकू, काल मी गॅरेजमधल्या सगळ्या गाड्यांची पेडलं दाबली. आता मला सगळीच मऊ वाटतात."

रविवार उजाडला. संध्याकाळी लेक यायची. होईलराव सकाळीच आला तो चार चिमटे घेऊन.

"सर, आज सोक्षमोक्ष लावू. चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या एकेक करून आवळतो. नळी आवळली की त्या चाकाचा संबंध तुटला. जी आवळल्यावर पेडल कडक होईल, खोट तिथे."

मला ही युक्ती फार आवडली. चोर पकडायला घरातल्या एकेका खोलीला कडी लावत जायचं, तसं. त्याने पहिली नळी आवळली. हे म्हणाले, "मऊ." दुसरी. "मऊ." तिसरी, चौथी. सगळ्या नळ्या आवळून झाल्या. आता पेडलचा कुठल्याच चाकाशी संबंध उरला नव्हता. मी दाबून बघितलं. भिंतीला पाय लावल्यासारखं. होईलरावाने तर दोन्ही पायांनी दाबलं, पाठ सीटला रुतली, पण पेडल हलेना.

हे बसले. दाबलं. बराच वेळ दाबून धरलं.

"मऊ आहे," हे म्हणाले. पण आवाज आधीसारखा ठणठणीत नव्हता.

होईलरावाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. "सर," तो म्हणाला, "आता मऊ लागायला तिथे काही उरलेलंच नाही."

घोडं इथेच पेंड खात होतं. मग त्याने एक काठी घेतली, पेडलच्या बाजूला उभी धरली, आणि मी दाबल्यावर पेडल कुठे थांबतं तिथे पेन्सिलीने खूण केली. मग यांना दाबायला सांगितलं. पेडल त्याच खुणेवर थांबलं. पुन्हा मी, पुन्हा हे. खूण तीच. पेन्सिलीची रेघ जाड झाली, पण सरकली नाही.

"म्हणजे दोघांचं सारखंच जातंय," मी म्हटलं.

"खूण काय सांगते मला?" हे म्हणाले. "मला लागतंय ना मऊ."

माझा संयम संपला. आठवडाभर दोन्ही पोटऱ्या धरून फिरतेय, त्या बिचाऱ्याने स्वतःचं गॅरेज सोडून इथे तळ ठोकलाय, आणि यांचं आपलं एकच पालुपद. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. तुम्हाला मुळात डिस्क नकोच होत्या. जुने ड्रम काढले याचा राग आहे तो. नाहीतर सरळ सांगा, नातीला न्यायची धास्ती घेतलीय. पण त्या पेडलला उगाच बदनाम करू नका."

हे ओरडतील असं मला वाटलं होतं. मी तयारच होते. पण हे नुसतेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

"मला न्यायचंय गं तिला," हे म्हणाले. "म्हणून तर म्हणतोय. ती मागे बसलेली असताना पायाखाली असं असेल, तर मी गाडी कशी चालवू?"

मला माझीच लाज वाटली. होईलराव उगाचच गाडीखाली शिरला आणि चिमटे सोडवायला लागला.

"बूट जाड आहेत," हे एकदम म्हणाले. "हे नवे घेतले ना, तळ फार जाड आहे यांचा. अनवाणी बघतो." यांनी खाली उतरून बूट काढले, मोजे काढले. दाराशी उभे राहून मला समजावून सांगायला लागले की बुटाचा तळ कसा दबतो, हे आपल्या आधीच का लक्षात आलं नाही, शिकवताना आपण कधी कोणाला असले बूट घालू दिले नाहीत. बोलता बोलता जुना मास्तर जागा झाला. मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता माझी नजर खाली गेली.

यांच्या उजव्या पायाखाली एक बोल्ट होता. चांगला जाडजूड, षटकोनी डोक्याचा. तळव्याच्या बरोबर मध्ये. सगळा भार त्यावर टाकून हे उभे होते आणि बुटांवर बोलत होते.

"अहो," मी म्हटलं, "पायाखाली बोल्ट आहे."

"कुठे?" म्हणून यांनी डाव्या पायाकडे बघितलं.

मग उजवा उचलला. बोल्ट चिकटून जरासा वर आला आणि खाली पडला. तळव्यावर सहा कोनांचा खड्डा उमटला होता, लालबुंद. होईलराव गाडीखालून बाहेर येऊन बघत होता. यांनी अंगठ्याने तो खड्डा दाबला, पुन्हा दाबला, अगदी पेडल दाबून बघावं तसा.

मला एकदम सगळं आठवायला लागलं. गेल्या काही महिन्यांत यांनी चपला बदलून आणल्या होत्या, जुन्या फार मऊ झाल्या म्हणून. न्हाणीघरातली फरशी बुळबुळीत झालीय म्हणून माझ्याशी भांडले होते, आणि मी ती घासघासून हात सोलून घेतले होते. डॉक्टर रक्तातल्या साखरेबद्दल दर खेपेला बजावतात आणि हे दर खेपेला "थोडीशीच आहे" म्हणून सोडून देतात. इतकं सगळं डोळ्यांपुढे होतं आणि मी स्पंज दाबत बसले होते.

"मग ते शिंप्याचं फाटक," हे हळूच म्हणाले. "तेव्हा ड्रम चांगले होते की काय?"

होईलरावाने हत्यारं गोळा केली. जाताना तो यांच्या पाया पडायला वाकला आणि मग काय वाटलं कोण जाणे, पायांना हात न लावता नुसताच उभा राहिला. "येतो सर," म्हणाला आणि गेला.

हे मोजे घालत म्हणाले, "लेकीला आत्ताच काही सांगू नकोस. पाय झोपला असेल. सकाळपासून बसून बसून मुंग्या आल्या असतील."

"असेल की," मी म्हटलं. मलाही तसंच हवं होतं. खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी लेक आली ती थेट शेडमध्येच. नात तिच्या आधी पळत जाऊन मागच्या सीटवर बसली, नवं दप्तर मांडीवर घेऊन. लेकीने पेडल दाबलं, पुन्हा दाबलं, गाडी सुरू करून गल्लीत पुढे नेली, करकचून थांबवली, मागे आणली. खाली उतरली ती हसतच. "बाबा, काय सुरेख लागतोय. दगड आहे दगड. मी उगाच भांडले तुमच्याशी." तिने किल्ली यांच्या हातात दिली. "उद्या लवकर निघा, पहिला दिवस आहे."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर मीही गप्प बसले असते, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं. हे किल्ली तळहातावर घेऊन उभे होते. मागच्या सीटवरून नात म्हणाली, "आजोबा, बसा ना. आत्ताच एक चक्कर."

"खाली उतर, इन्स्पेक्टर," हे म्हणाले.

"का?"

"ब्रेक पास झाला. माझी परीक्षा राहिलीय." मग लेकीला म्हणाले, "माझ्या तळव्याला नीट कळत नाहीये बहुतेक. बहुतेक म्हणतोय. एकदा बघायला हवं."

लेकीला काही उलगडेना. "कळत नाही म्हणजे काय? दुखतोय का? आई, काय झालंय?" मी काही सांगणार तोच नात गाडीतून उतरून पुढे आली. "म्हणजे गुदगुल्यापण होत नाहीत?" तिने विचारलं.

हे हसले. त्या आठवड्यातलं पहिलंच हसू असेल ते. "त्या होतात गं. त्या कुठे जातात?"

आणि ते खरंच होतं. लग्न झाल्यापासून यांच्या तळव्याला नुसतं बोट लावायची सोय नव्हती. लेक लहान असताना आम्ही दोघी मिळून यांना धरायचो आणि हे लहान मुलासारखे किंचाळत पलंगावरून खाली पडायचे. हे स्टुलावर बसले. उजवा मोजा काढला, पाय पुढे केला. "मी डोळे मिटतो, म्हणजे लबाडी नको. तू कर गुदगुल्या. मी हसलो तर उद्या आपण शाळेत. कबूल?"

"कबूल," नात म्हणाली आणि फरशीवर मांडी घालून बसली.

यांनी डोळे गच्च मिटले. स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या, हसून खाली पडू नये म्हणून. तोंडावर हसू तयारच होतं, नुसतं फुटायचं बाकी होतं. लेक माझा दंड धरून उभी होती, तिची बोटं मला रुतत होती.

"अगं, कर ना सुरू," हे डोळे मिटूनच म्हणाले. "घाबरतेस काय? मी तयार आहे."

ती केव्हापासून दोन्ही हातांनी करत होती.